एकोणचाळिसाव्या मजल्यावर थांबलेला खेळ

धाकटीला त्या आठवड्यात सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती आत्याच्या बोटाची. आत्याने एकतीस वर्षं ग्रंथालयात नोकरी केली आणि रोज संध्याकाळी सगळ्या दालनांतून फिरून दिवे-पंखे स्वतः बंद केले. नोकरी संपली, पण बोटाची खोड काही गेली नाही. कुणाच्याही घरी गेली की ती आधी भिंतीकडे बघायची, आणि एखादं बटण उगाच चालू दिसलं की टक्! माणसं बसलेल्या खोलीतला दिवासुद्धा तिने दोनदा घालवला होता आणि वर “अगंबाई, इथे होतात होय तुम्ही?” असं विचारलं होतं. आणि नेमक्या अशा बाईच्या ताब्यात घर देऊन आई-बाबा सोमवारी दादाला घेऊन दुसऱ्या गावच्या मोठ्या रुग्णालयात गेले होते.

दादा चौदा वर्षांचा, धाकटी दहाची. दादाच्या हृदयातली एक झडप जन्मापासून नीट मिटत नव्हती. इतकी वर्षं औषधांवर निभावलं, आता निभेना. गुरुवारी सकाळी दहाला ऑपरेशन ठरलं होतं. घरातली मोठी माणसं याबद्दल बोलताना ‘छोटंसंच आहे’ म्हणायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहायची. धाकटीला त्या नळाच्या आवाजावरून सगळं कळायचं.

निघण्याच्या दिवशी सकाळी दादा व्हिडिओ गेम खेळत बसला होता. आई त्याच्या बुटाच्या नाड्या बांधत होती, बाबा खाली गाडीचा हॉर्न वाजवत होते, आणि हा बहाद्दर एकोणचाळिसाव्या मजल्यावर पोचलेला. खेळ खाणीचा होता. डोक्याला दिवा बांधलेला एक बुटका माणूस शिड्या उतरत चाळीस मजले खाली जातो. चाळिसावा मजला दादाने कधीच पाहिला नव्हता, त्याच्या वर्गातही कुणी पाहिला नव्हता. शेवटी त्याने मधलं बटण दाबून खेळ थांबवला. बुटका शिडीवर एक पाय वर, एक खाली असा अडकून राहिला. दादाने टीव्ही बंद केला, पण गेमचं बटण तसंच चालू ठेवलं. मग धाकटीला जवळ ओढून तो हळूच म्हणाला, “मी येईपर्यंत हे बंद होऊ द्यायचं नाही. हे चालू आहे तोवर मी पण चालू. काय?”

म्हणताना तो हसला होता. धाकटी हसली नाही. ती त्याचं बोलणं नेहमी जसंच्या तसं घ्यायची, आणि हे तर तिने काळजावर कोरून घेतलं.

हा गेम म्हणजे पांढऱ्याचा पिवळा पडलेला एक प्लास्टिकचा डबा. मामेभावाने वापरला, त्याच्या मित्राने वापरला, मग यांच्याकडे आला. दोन बाजूंना दोन रिमोट, त्यांच्या वायरी इतक्या आखूड की टीव्हीला नाक लावूनच खेळावं लागे. वर कॅसेट खोचायची खाच, पुढे एक लाल दिवा. खाचेतल्या पितळी पट्ट्या झिजलेल्या असल्यामुळे कॅसेटची आणि त्यांची गाठ मधूनच सुटायची. चित्र थरथरायला लागलं म्हणजे तो डाव गेलाच समजायचा; दादा ओरडायचा, “फुंक!” की धाकटीने कॅसेट उपटायची, तिच्या तोंडात दोनदा जोरात फुंकायचं आणि परत दाबून बसवायची, की खेळ पुन्हा पहिल्या मजल्यापासून. दादा रिमोट सोडायचा नाही, आणि धाकटीला रिमोट मिळायचा नाही. दोन वर्षं ही वाटणी बिनतक्रार चालली होती. तिचा हात आता ओरडण्याचीही वाट बघत नसे. चित्र हललं रे हललं की हात कॅसेटवर.

सोमवार, मंगळवार, बुधवार तिने पहाऱ्यात काढले. आत्याला तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “ते बटण बंद करायचं नाही. दादाने सांगितलंय.”

“दादाने विहिरीत उडी मार सांगितलं तर मारशील?”

“आत्या, प्लीज. ते बटण सोडून घरातलं काहीही बंद कर.”

आत्याने खांदे उडवले, पण ऐकलं. तरी धाकटीचा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेत बाकावर बसून ती लाल दिव्याचाच विचार करायची. फ्रिज सुरू होताना स्वयंपाकघरातला दिवा क्षणभर मंदावायचा, तेवढ्यानेही ती धावत जाऊन लाल दिवा बघून यायची. वीज गेली तर? शेजारच्यांनी ड्रिल चालवलं तर? घरी आली की दप्तर पाठीवर असतानाच ती टीव्ही लावायची. बुटका शिडीवर असायचा, एक पाय वर, एक खाली. मग ती टीव्ही बंद करायची आणि बूट काढायची.

गुरुवारी आत्याने तिला शाळेत पाठवलं नाही. साडेनऊला धाकटी गेमसमोर मांडी घालून बसली होती आणि आत्या पोळपाट-लाटण्याशी विनाकारण खुडबुड करत होती. कसला तरी वास यायला लागला. तापलेल्या प्लास्टिकचा. धाकटीने वायरीचा माग काढत भिंतीपर्यंत हात नेला आणि झटकन मागे घेतला. भिंतीतल्या प्लगवर बसलेला काळा चौकोनी अडॅप्टर चटका बसेल इतका गरम झाला होता, आणि त्यातून माशी अडकल्यासारखी घूं घूं ऐकू येत होती.

तिने टेबलफॅन आणून त्याच्यासमोर लावला. वास कमी झाला नाही, उलट घरभर पसरला.

“काय जळतंय गं?” म्हणत आत्या आली, आणि अडॅप्टरकडे बघताच तिचं बोट पुढे झालं. “हे आधी काढ. घर पेटवशील!”

धाकटी भिंतीला पाठ लावून प्लगसमोर उभी राहिली. “नाही! नाही काढायचं! हे बंद झालं तर दादा मरेल!”

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. एकदा तोंडातून निघाल्यावर बाकीचंही धडाधड बाहेर आलं: दादा काय म्हणाला, कसा म्हणाला, आणि आत्ता दहा वाजायला फक्त वीस मिनिटं आहेत हेसुद्धा. रडता रडता तिला हुंदका आवरेना.

आत्या शहाणी बाई. तिने आयुष्यभर पुस्तकं हाताळली होती, नवस-सायास ती मानत नसे, मांजर आडवं गेलं तर त्याला बाजूला करून पुढे जाई. अशा बाईने खरं तर म्हणायला हवं होतं, वेडी आहेस का, आणि खटकन प्लग उपटायला हवा होता. तिने हात पुढे नेलाही. तो हात प्लगपासून चार बोटांवर थांबला आणि तिथून पुढे जाईना. आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“खाली जा,” ती म्हणाली. “रेडिओवाल्याला घेऊन ये. पळ!”

रेडिओवाल्या काकांचं दुकान त्याच इमारतीच्या तळमजल्यावर होतं. नाव रेडिओवाले, पण रेडिओ आता कोण दुरुस्त करतंय! ते मिक्सर, पंखे, टीव्ही, मुलांचे गेम, असं पडेल ते करायचे. धाकटीला धाप लागलेली पाहून त्यांनी आधी तिला स्टुलावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “किती वाजता आत नेणार?”

“दहा.”

काकांनी पिशवीत मीटर, डाख देण्याची म्हणजे सोल्डरची दांडी, ब्लेड आणि एका मोडक्या ट्रान्झिस्टरची सहा सेलची पेटी टाकली. जिना चढता चढता ते बोलत राहिले, बहुधा तिला धीर यावा म्हणून. “तुझ्या गेममध्ये साठवायची सोय नाही, पोरी. पुढे पुढे ज्या कॅसेटी निघाल्या ना, त्यांच्या पोटात बटणाएवढी बॅटरी असायची. यंत्र बंद केलं तरी खेळ लक्षात राहायचा. तुझं यंत्र त्याच्याही आधीचं. त्याच्या आत एवढीशी मेमरी आहे, दोन हजार अक्षरं मावतील एवढी. बुटका कुठल्या शिडीवर, जीव किती उरले, सगळं त्यात. वीज गेली की संपलं, कोरी पाटी.”

“मग काय करायचं?”

“एक वीज काढायच्या आधी दुसरी जोडायची.”

वर आल्यावर काकांनी अडॅप्टर हुंगला आणि तोंड वाकडं केलं. “आतली गुंडाळी जळत आलीय. तासभर टिकेल, फार तर.” मग त्यांनी गेमकडे येणारी वायर हातात घेतली. “ही कापायची नाही. नुसती सोलायची. आत दोन तारा आहेत. दोन्हीवरचं कातडं जरा जरा काढायचं, तांबं उघडं करायचं, आणि त्यावर माझ्या सेलच्या तारा डाखायच्या. मग अडॅप्टर काढला तरी गेमला कळणारसुद्धा नाही. संध्याकाळी बाजारातून नवा आणतो. मात्र सोलताना दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर खेळ खलास. म्हणून कुणी मला धक्का मारायचा नाही.”

आत्या श्वास रोखून भिंतीला चिकटली. काकांनी टीव्ही लावायला सांगितला, म्हणजे काही बिघडलं तर लगेच दिसेल. बुटका शिडीवर होता.

ब्लेडने केसभर केसभर खरवडत पहिली तार सोलली, त्यातच अर्धा तास गेला. दुसरी सोलताना काकांच्या कपाळावरचा घाम ओघळून भुवईत शिरला आणि त्यांनी तो पुसला नाही. मग त्यांनी मीटरची टोकं लावली आणि भुवया वर केल्या. “बघितलंस? बाकीच्या अडॅप्टरांचं आतलं टोक धन असतं. याचं उलटं. ज्यांनी हे यंत्र पहिल्यांदा बनवलं, त्यांनी असं का केलं देव जाणे, आणि ज्यांनी ज्यांनी त्याची नक्कल केली त्यांनी हेही उचललं. मी आपला सवयीने जोडून मोकळा झालो असतो तर इथेच धूर निघाला असता.” वीज उलटी फिरू नये म्हणून त्यांनी एक डायोड मध्ये घातला. डाखाची दांडी तापवली आणि तापल्यावर तिचा प्लगच भिंतीतून उपटून टाकला. “चालू यंत्राला विजेला जोडलेली दांडी लावायची नसते,” ते स्वतःशीच पुटपुटले. दांडी थंड व्हायच्या आत दोन्ही तारा डाखल्या. इवलासा धूर झाला, टीव्हीवर काही हललं नाही.

अकराला पाच मिनिटं कमी होती. दादा आत जाऊन जवळजवळ तास झाला होता.

“आता अडॅप्टर काढतो,” काका म्हणाले. “चित्र जरासं हलेल. घाबरायचं नाही.”

त्यांनी रुमाल गुंडाळून तो काळा ठोकळा भिंतीतून ओढला. घूं घूं थांबली. लाल दिवा किंचित मंदावला. पडद्यावर एक आडवी पट्टी वरून खाली सरकली, बुटका थरथरला.

धाकटीच्या हाताने कॅसेट उपटली.

तिने नाही, हाताने. दोन वर्षं जे केलं तेच त्याने केलं. कॅसेट तोंडापाशी आली, गाल फुगले, आणि फुंकर सुटायच्या आधीच्या त्या एका क्षणात तिला कळलं. समोर पडदा करडा झाला होता. नुसता करडा. लाल दिवा मात्र छान चालू होता.

काकांच्या तोंडातून “अगं—” एवढंच बाहेर पडलं. त्यांनी कॅसेट तिच्या हातातून घेतली, परत खोचली. पडद्यावर खेळाचं नाव आलं, गाणं वाजायला लागलं, पहिल्या मजल्यावर बुटका टुणटुणीत उभा. काकांनी घाईने आवाज बंद केला.

धाकटी रडली नाही. रडण्याच्या पलीकडे गेली होती ती. तिला आत काहीतरी थंडगार पसरत गेल्याचं जाणवलं आणि तिने घड्याळ पाहिलं. अकरा. मी मारलं त्याला, तिच्या मनात आलं. डॉक्टरांनी नाही, विजेने नाही, आत्याने नाही. मी.

काका बराच वेळ तिच्याजवळ उकिडवे बसून होते. “पोरी, ही दोन हजार अक्षरं आहेत. माणूस त्यात मावत नाही,” असं काहीतरी ते म्हणाले. तिने मान डोलावली, कारण मोठ्या माणसांना मान डोलावलेली लागते. मग ते सामान आवरून खाली गेले, आणि घरात दोघीच उरल्या.

त्यानंतरचे चार तास धाकटीला पुढे कधी नीट सांगता आले नाहीत. ती फोनसमोर बसली होती आणि फोन वाजू नये असं तिला वाटत होतं. वाजला नाही तोवर काही झालेलं नव्हतं. आत्या तिच्या शेजारी बसली. दोघींनी जेवण केलं नाही. मधे आत्या पाणी प्यायला उठली, मोरीत गेली, बाहेर आली आणि मोरीतला दिवा तसाच जळत राहिला. स्वयंपाकघरातला, आतल्या खोलीतला, सगळे दिवे भर दुपारी चालू होते. आत्या त्यांच्याखालून जात होती आणि बोट उचलत नव्हती. ते पाहून धाकटी आणखीच घाबरली. आत्यालाही तसंच वाटतंय, म्हणजे ते खरंच असणार.

तीनला दहा मिनिटं असताना फोन वाजला. आत्याने उचलला. पलीकडे बाबा होते आणि ते रडत होते, एवढं धाकटीला लांबूनही ऐकू आलं. तिने दोन्ही कानांवर हात दाबले, डोळे मिटले. आत्याने तिचे हात ओढून काढले. “ऐक गं, ऐक! नीट झालं. झडप बसवली. दादा ठीक आहे.”

“मग बाबा का रडतायत?”

“नीट झाल्यावरपण रडतात माणसं.”

धाकटीचा विश्वास बसला नाही. अजून दोन दिवस धोक्याचे आहेत असं बाबांनीच तर सांगितलं होतं. कदाचित बंद झालेलं कळायला वेळ लागत असेल. शुक्रवारी आणि शनिवारी तिने दरवाजा लावून स्वतः रिमोट हातात घेतला. आपणच एकोणचाळिसाव्या मजल्यापर्यंत जायचं, तिथे थांबवायचं, दादाला काही कळणार नाही. दादाला खेळताना बघून तिला प्रत्येक शिडी पाठ होती. पण पाठ असणं वेगळं आणि अंगठे वेगळे. सहाव्या मजल्याच्या पुढे ती एकदाही गेली नाही.

रविवारी दुपारी दादाला बोलायला दिलं. बाबांनी आधीच बजावलं होतं, दोनच मिनिटं, त्याला दम लागतो. आत्याने रिसीव्हर धाकटीच्या हातात दिला आणि कानाजवळ कुजबुजली, “विचारलं तर हो म्हण. काय बिघडतंय?”

“धाकटे,” दादाचा आवाज कागदासारखा पातळ येत होता. “चालू आहे ना?”

आत्या जोरजोरात मान हलवत होती. धाकटीने तोंड उघडलं. ‘हो’ अगदी ओठांवर होतं.

“नाही,” ती म्हणाली. “बंद झालं.”

पलीकडे दूरवर कसलं तरी यंत्र एका लयीत टिक् टिक् करत होतं.

“कधी?”

“गुरुवारी. अकराला. अडॅप्टर जळत होता, काकांनी सेल जोडले, चित्र हललं आणि मी कॅसेट उपटली. मीच. दादा, मी मुद्दाम नाही केलं.”

“अकराला,” दादा म्हणाला. “तेव्हा मी आत होतो.”

“हो.”

“छाती उघडी असेल तेव्हा.”

“हो.”

“आणि मी आहे.” हे तो तिला सांगत नव्हता, तपासून बघत होता. मग त्याचा आवाज एकदम फुटला. “अगं, मी झोपलोच नाही. सोमवारपासून. डॉक्टरांची नाही वाटली भीती, सुईची नाही वाटली. नुसतं वाटायचं, वीज गेली असेल, आत्याने बंद केलं असेल. आत नेताना मला वाटलं बाबांना विचारू, घरी फोन करून विचारा. पण बंद झालंय म्हणाले असते तर? मी विचारलंच नाही. भूल देईपर्यंत मी तेच म्हणत होतो, चालू असू दे, चालू असू दे.”

धाकटीला वाटत होतं दादाने गंमत केली आणि आपण वेड्यासारखं खरं धरलं. त्यानेही खरं धरलं होतं. तिच्याही आधी.

“मग मला सांगायचंस ना,” ती म्हणाली, “की तू घाबरलायस म्हणून.”

“कसं सांगणार? तू घाबरली असतीस.”

धाकटीच्या अंगात गुरुवारपासून जे थंडगार भरून राहिलं होतं ते एकदम पेटलं. “मग इथे मी काय नाचत होते का रे?” ती फोनमध्ये इतक्या जोरात ओरडली की आत्या दचकली, आणि पलीकडून कुणीतरी बाई दादाला म्हणाली, “अरे, रडू नकोस बाळा, टाके आहेत.” दादा रडायचा थांबला नाही. धाकटीही नाही. दोन मिनिटं कधीच संपली होती, पण फोन कुणीच खाली ठेवला नाही.